मालक बदलण्याचा हक्क

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी कुशल नोकरदारांसाठीच्या नव्या एच-१बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले आणि आपल्याकडे एक जुनाच वाद नव्याने पेटला. बरे झाले, आता तरी हुशार मुले देशात राहतील, असे एक बाजू म्हणू लागली; आपल्या अभियंत्यांवाचून अमेरिकेचे पानही हलणार नाही, असे दुसरी. तावातावाने बोलणाऱ्या या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र न बोलता मान्य केलेली होती, ती म्हणजे परदेशी कामाला जाणारा भारतीय हा संगणक अभियंता असतो. एच-१बीची सर्वसाधारण वार्षिक मर्यादा ८५,००० आहे. आखातातील सहा देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात, आणि त्यांत फार मोठा भाग गवंडी, सुतार, वेल्डर, ड्रायव्हर, स्वयंपाकी, सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्या बायकांचा आहे. एक आकडा वर्षाचा आणि दुसरा एकूण वस्तीचा, हे खरे; तरीही चर्चेचा तोल कुठे ढळला आहे हे त्यावरून दिसते. या माणसांविषयी वाद होत नाही, बातमी येते, तीही बहुधा काही अघटित घडल्यावर. १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीयांसह सुमारे ५० जणांचा जीव गेला, तेव्हा काही दिवस हळहळ व्यक्त झाली, विमानाने शवपेट्या आल्या आणि विषय मागे पडला.

किती जणांनी जावे, कोणी जावे आणि गेलेल्यांचे देशप्रेम कसे मोजावे, हे प्रश्न मला दुय्यम वाटतात. गरीब देशातून श्रीमंत देशात कामाला जाण्यात बेइमानी नाही, आणि यजमान देश त्यांना घेतो तो उपकार म्हणूनही नाही. जन्माच्या ठिकाणाने लादलेल्या विषमतेतून एका पिढीत बाहेर पडण्याचा आज उपलब्ध असलेला हा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे. त्या मार्गावर अन्याय होतो तो एका नेमक्या ठिकाणी : त्या देशात राहण्याचा कामगाराचा परवानाच एका मालकाच्या मुठीत दिलेला असतो. मालक बदलता येतो का, आणि नोकरी सुटली तर तिथे राहून दुसरी शोधता येते का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर बाकीचे जवळजवळ सगळे अवलंबून असते. पगार वेळेवर होणे, पासपोर्ट स्वतःच्या ट्रंकेत असणे, भर उन्हात किती तास राबायचे ते ठरणे आणि झोपायच्या खोलीचा जिना मोकळा असणे, हे सगळे त्यातच आले.

विषमतेचे स्वरूप आधी नीट पाहू. ब्रँको मिलानोविच या अर्थशास्त्रज्ञाने जगभरच्या घरगुती उत्पन्नाच्या पाहण्या एकत्र करून दाखवले आहे की जगातील माणसामाणसांच्या उत्पन्नात जो फरक आहे, त्याचा निम्म्याहून मोठा भाग केवळ ते कोणत्या देशात राहतात यावरून समजावून सांगता येतो. कष्ट, शिक्षण, हुशारी यांचा हिशेब त्यानंतर सुरू होतो. खेडमध्ये फरशी बसवणारा कारागीर दोह्याला जाऊन तीच फरशी त्याच हातांनी बसवतो आणि त्याची मजुरी काही पटींनी वाढते. त्याचे कौशल्य विमानात वाढलेले नसते. बदललेली असते ती भोवतालची भांडवलाची, यंत्रांची आणि बाजारपेठेची रचना, जी त्याने घडवलेली नाही आणि तिथल्या एखाद्या नागरिकानेही एकट्याने घडवलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये भारतात परदेशातून सुमारे ११९ अब्ज डॉलर आले आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्व राज्यांत मोठा, सुमारे एक पंचमांश होता. विकसनशील देशांना मिळणाऱ्या सरकारी परदेशी मदतीपेक्षा त्या देशांतील कामगारांनी घरी पाठवलेला पैसा कितीतरी अधिक आहे, आणि हा पैसा कोणत्याही मंत्रालयातून न जाता थेट शाळेच्या फीत, आईच्या ऑपरेशनमध्ये, बहिणीच्या लग्नात आणि घराच्या स्लॅबमध्ये पोचतो.

यावर कोकणातला माणूस रास्त आक्षेप घेईल. गिरण्यांच्या काळात रत्नागिरी जिल्हा मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगला, नंतर अनेक गावे कुवेत-दुबईच्या ड्राफ्टवर जगली. पण त्या पैशाने जांभ्या दगडाची चांगली घरे उभी राहिली आणि घरांना कुलपे लागली, गावात उद्योग काही उभा राहिला नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पाठवलेला पैसा कुटुंब तारतो, प्रदेश घडवत नाही. प्रदेश घडवायला रस्ते, वीज, शाळा, कर्जपुरवठा आणि प्रामाणिक कारभार लागतो, आणि ही जबाबदारी सौदीत वेल्डिंग करणाऱ्या माणसावर टाकता येत नाही. पण कोकणात कारखाने आले नाहीत याचे कारण माणसे मुंबईला गेली हे नव्हते. माणसे गेली नसती तर कारखाने आले असते, असे म्हणायला काय आधार आहे?

युरोपचा इतिहास या बाबतीत अधिक बोलका आहे. १८५० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत पाच कोटींहून अधिक युरोपीय माणसे समुद्र ओलांडून गेली आणि त्यांतील बहुतेकांना व्हिसाच काय, पासपोर्टही दाखवावा लागला नाही. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. दुष्काळाने सुमारे दहा लाख बळी घेतले, उरलेल्यांतून लाखो लोक निघून गेले आणि १९११ पर्यंत ती ४४ लाखांवर आली. मागे राहिलेल्या मजुरांची मजुरी मात्र याच काळात वाढत जाऊन ब्रिटनच्या जवळ येऊ लागली, कारण मजूर दुर्मीळ झाला होता. स्वीडनमधून इतकी माणसे अमेरिकेला जाऊ लागली की तिथल्या संसदेने १९०७ मध्ये एक मोठी चौकशी सुरू केली. ही माणसे का जातात, जमीन कोणाच्या हाती आहे, घरे कशी आहेत, याची पाहणी वर्षानुवर्षे चालली. निघून जाऊ शकणाऱ्या माणसाची दखल मागे उरलेल्या सत्ताधाऱ्यांना घ्यावी लागते, हा त्यातला भाग मला महत्त्वाचा वाटतो. आज श्रीमंत असलेले हे देश आपले गरीब बाहेर पाठवूनच त्या वळणावरून पुढे गेले, आणि ते दार आशियाई माणसाला मात्र बंद झाले : अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना आणि १९१७ मध्ये हिंदुस्थानसह आशियाच्या बहुतेक भागाला कायद्याने रोखले.

त्याच १९१७ मध्ये हिंदुस्थानातली गिरमिट, म्हणजे करारबद्ध मजुरांची, भरती थांबली. गुलामगिरी बंद झाल्यावर १८३४ पासून मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांत, फिजी येथील मळ्यांसाठी साधारण पाच वर्षांच्या करारावर तेरा लाखांच्या आसपास माणसे नेली गेली. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे आहेत. या पद्धतीविरुद्ध गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये नाताळपुरता आणि मार्च १९१२ मध्ये संपूर्ण बंदीचा ठराव इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये मांडला. पहिला मान्य झाला, दुसरा सरकारी बहुमताने पाडला. गोखल्यांचे मुद्दे आज वाचले तर त्यांचा रोख समुद्र ओलांडण्यावर नाही हे लक्षात येते. माणूस ज्याला ओळखत नाही आणि ज्याच्या निवडीत त्याला शब्द नाही अशा मालकाशी तो बांधला जातो, मळा सोडून त्याला जाता येत नाही, मोकळ्या मजुरापेक्षा कमी मजुरी त्याला घ्यावी लागते, आणि कराराचा किरकोळ भंग झाला तरी फौजदारी शिक्षा होते हे त्याला निघण्यापूर्वी कोणी सांगत नाही, अशी त्यांची मांडणी होती. फसवणुकीवर उभारलेली आणि बळजोरीवर टिकवलेली पद्धत, असे त्यांनी तिचे वर्णन केले. सरकारची उत्तरेही लक्षात ठेवण्यासारखी आहेत : मजूर राजीखुशीने जातो, मॅजिस्ट्रेटसमोर अंगठा देतो आणि गावात मिळाले असते त्याहून जास्त कमावतो. यातले अनेक मजुरांच्या बाबतीत खरेही होते. तरीही गोखल्यांनी ते पुरेसे मानले नाही, कारण जास्त मजुरी ही बेडीची किंमत म्हणून स्वीकारायला लावणे त्यांना मान्य नव्हते. गिरमिटियांच्या नातवंडांची भरभराट झाली असे सांगून त्या पद्धतीचे समर्थन करणारे विसरतात की ती भरभराट करार संपल्यानंतरची, स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावरची आणि मुलांच्या शाळेतली आहे.

आखातातल्या कफाला, म्हणजे कामगाराला मालकाच्या हमीवर ठेवून घेण्याच्या, पद्धतीत आज फौजदारी कराराची जागा परवान्याने घेतली आहे. सौदीत गेलेल्याचा इकामा म्हणजे राहण्याचा परवाना कफिलाच्या म्हणजे हमीदार मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. पगार तीन महिने थकला म्हणून कामगाराने काम थांबवले, तर मालक त्याच्या नावावर ‘हुरूब’ म्हणजे पळून गेल्याची नोंद करू शकतो आणि त्या नोंदीने फिर्यादी असलेला माणूसच बेकायदा ठरू शकतो. रस्त्यावर पोलिसाने अडवले तर अटक, आणि तक्रार करायला कचेरीत जायचे तर रस्त्यावरूनच जावे लागणार. त्यातच निघताना एजंटला मोजलेली रक्कम डोक्यावर असते. आपल्या कायद्याने एजंटच्या सेवाशुल्कावर ३०,००० रुपयांची मर्यादा घातली आहे; प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट घेतले जातात, आणि ते पैसे शेत गहाण ठेवून किंवा सावकाराकडून आणलेले असतात. पहिल्या वर्षाचा पगार या कर्जात जातो, म्हणून पहिले वर्ष कितीही वाईट असले तरी माणूस परत येऊ शकत नाही.

हे फक्त अरबांचे दुर्गुण आहेत असे मानणे सोयीचे आहे, पण ते वस्तुस्थितीला धरून नाही. ब्रिटनने फेब्रुवारी २०२२ मध्ये वृद्धांची सेवा करणाऱ्या परदेशी कामगारांसाठी व्हिसा खुला केला. तोही एका मालकाशी बांधलेला होता. अनेकींनी एजंटला लाखो रुपये भरले, तिथे गेल्यावर ठरलेले कामच नव्हते, आणि मालकाचा परवाना सरकारने रद्द केला तर शिक्षा तिलाच : साठ दिवसांत दुसरा मालक शोधा, नाहीतर देश सोडा. जुलै २०२५ मध्ये ही परदेशी भरतीच बंद झाली. अमेरिकेतला एच-१बी अभियंता नोकरी बदलू शकतो, पण नव्या मालकाने अर्ज केल्यावरच. नोकरी गेली तर त्यालाही साठच दिवस, आणि भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग दशकांची. न्यू जर्सीतल्या त्या अभियंत्याच्या आणि सौदीतल्या जुबैलच्या गोदीतल्या वेल्डरच्या दुःखाची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. एकाच नियमाची सौम्य आणि कठोर रूपे दोघांच्या वाट्याला आली आहेत एवढेच मला दाखवायचे आहे.

श्रीमंत देशांतल्या गरीब कामगाराचे म्हणणे तुच्छतेने उडवून लावण्याची आपल्याकडे सवय आहे, ती मला अन्यायाची वाटते. बाहेरून माणसे आली की काही धंद्यांत, काही काळ, मजुरीवर ताण येऊ शकतो, घरभाडी वाढतात, आणि हे सोसणारे बहुधा तिथले खालच्या थरातले लोक असतात, स्वस्त सेवेचा लाभ मात्र वरच्या थराला होतो. पण उपाय म्हणून बंदी कितपत उपयोगी पडते? अमेरिकेने १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून ब्रासेरो म्हणून ओळखले जाणारे शेतमजूर करारावर आणले. स्थानिकांची मजुरी वाढावी हा उद्देश सांगून तो कार्यक्रम बंद करण्यात आला. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्लेमेन्स आणि सहकाऱ्यांनी नंतर आकडे तपासले, तेव्हा ब्रासेरो मोठ्या संख्येने असलेल्या आणि नसलेल्या राज्यांत मजुरीच्या वाढीत फरक सापडला नाही; मालकांनी टोमॅटो तोडणीची यंत्रे आणली आणि काही पिके कमी केली. ब्रासेरोंच्या पगारातून सुरुवातीच्या वर्षांत दहा टक्के रक्कम बचतीच्या नावाने कापून मेक्सिकोतल्या बँकांकडे पाठवली गेली आणि असंख्य मजुरांना ती कधीच मिळाली नाही. स्थानिक मजुराची मजुरी पाडते ती परक्या माणसाची अगतिकता. ज्याला काम सोडता येत नाही त्याच्याशी स्पर्धा करावी लागते तेव्हा. परक्यालाही मालक बदलण्याचा हक्क मिळाला तर मालकाला स्वस्त पर्यायच उरत नाही. म्हणून तिथल्या कामगार संघटनांनी खरे तर हीच मागणी आधी करायला हवी.

बुद्धिमत्तेच्या गळतीचा प्रश्न मात्र सरसकट सोडवता येत नाही. झिम्बाब्वे किंवा घानासारख्या देशातून परिचारिका ब्रिटनला जातात तेव्हा मागे रिकामे वॉर्ड उरतात, आणि त्या शिक्षणाचा खर्च गरीब देशाने केलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये भरतीची आचारसंहिता केली ती यासाठीच, आणि श्रीमंत देश ती पाळत नाहीत तेव्हा त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण फिलिपिन्समध्ये उलटेही घडले आहे : परदेशी मागणी वाढली तशी नर्सिंगची महाविद्यालये वाढली, आणि गेलेल्यांपेक्षा अधिक परिचारिका देशात तयार झाल्या. फरक प्रशिक्षणाचा खर्च कोण उचलतो आणि जागा किती लवकर वाढवता येतात यात आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयांत परिचारिकांची पदे रिकामी आहेत ती भरती रखडल्यामुळे. पोरगी जर्मनीला निघाली की तिच्यावर ठपका ठेवणाऱ्यांनी आधी त्या रखडलेल्या भरतीची चौकशी करावी.

सर्वांत कठीण आक्षेप वेगळाच आहे आणि तो मांडणारे कामगारांचे शत्रू नाहीत. ते म्हणतात, हक्क आणि संख्या यांचे व्यस्त प्रमाण आहे. जे देश जास्त हक्क देतात ते कमी माणसे घेतात, जे कमी देतात ते भरपूर घेतात, आणि बिहारच्या किंवा कोकणातल्या तरुणाला विचाराल तर तो हक्क नसलेली नोकरी मिळणे, न मिळण्यापेक्षा पसंत करेल. याला पुरावाही आहे. संयुक्त अरब अमिरातीने २०११ पासून करार संपलेल्या कामगाराला जुन्या मालकाच्या संमतीशिवाय दुसरीकडे जाण्याची मुभा दिली. अर्थशास्त्रज्ञ सुरेश नायडू आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा अशा कामगारांचा पगार सुमारे दहा टक्क्यांनी वाढलेला आढळला. मात्र बाहेरून नवी माणसे आणण्याची मागणी घटली आणि नव्यांचा पगारही कमी झाला. हे निष्कर्ष लपवून माझी बाजू मांडणे मला मान्य नाही. पण त्यांतून काय दिसते? हक्क फक्त करार संपल्यावर मिळाला, नवा आलेला पहिल्या करारात पूर्वीसारखाच बांधलेला राहिला. म्हणून मालकाने पुढच्या काळातला तोटा त्याच्या आजच्या पगारातून वसूल केला. अर्धवट सुधारणेचा भार नेमका ज्याला ती लागू नाही त्याच्यावर पडला. पहिल्या काही महिन्यांनंतर प्रत्येकाला मालक बदलता आला असता तर ही वसुली करता आली नसती. भरती काही प्रमाणात कमी होईल, ही किंमत मी मान्य करतो. ती किती असेल हे मात्र मालकांच्या धमकीवरून ठरवू नये. कतारने २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकापूर्वी, जगाचे लक्ष आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा दबाव असताना, २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली आणि पुढच्या वर्षी १,००० रियालचे किमान वेतन लागू केले. अंमलबजावणीत खोट आहे, पण कतारने भारतीय कामगार घेणे काही बंद केले नाही.

संख्येच्या मोहाने आपले सरकारही वाहवले आहे. सप्टेंबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, आखातासाठी ठरवलेले भारतीय कामगारांचे किमान शिफारस वेतन ३० ते ५० टक्क्यांनी उतरवण्यात आले. नोकऱ्या टिकाव्यात हे कारण होते. तेलंगणातल्या स्थलांतरित कामगारांच्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि पुढच्या वर्षी ते वेतन पूर्ववत झाले. हा झगडा महाराष्ट्रात फारसा कोणाला ठाऊकही नाही. परदेशातला मतदार मतदानाच्या दिवशी गावच्या केंद्रावर उभा राहिल्याशिवाय मत देऊ शकत नाही, त्यामुळे या लाखो माणसांची नाराजी कोणत्याही आमदाराला जाणवत नाही.

दुसऱ्यांना जाब विचारताना आपल्या घरातही डोकावावे लागते. दसऱ्यानंतर बीडमधून ऊसतोडीला निघणारा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेऊन निघतो; ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यावर जाता येत नाही, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा म्हणून मजुरीपेक्षाही मोठी रक्कम कापली जाते. मॉरिशसच्या मळ्यांवर गिरमिटियाचा एक दिवस चुकला की दोन दिवसांची मजुरी कापत असत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची सरकारला चौकशी करावी लागली, तेव्हा खाड्याची भीती हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले. वेठबिगार निर्मूलनाचा १९७६ चा कायदा उचलीच्या मोबदल्यात काम निवडण्याचे स्वातंत्र्य गमावलेल्या माणसाला वेठबिगार मानतो. म्हणजे मालक बदलण्याचा हक्क आपल्याच कायद्याने पन्नास वर्षांपूर्वी मूलभूत ठरवला आहे. फक्त तो आपण फडातही लागू केलेला नाही आणि दुसऱ्या देशांशी करार करतानाही मागितलेला नाही.

मागण्याची संधी आज आहे, कारण श्रीमंत देश म्हातारे होत आहेत आणि माणसांची गरज त्यांना आहे. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, फिलिपिन्स हे कामगार पाठवणारे देश २००३ पासून कोलंबो प्रक्रियेच्या व्यासपीठावर एकत्र बसतात. भरतीचा खर्च मालकाचा आणि ठरावीक मुदतीनंतर मालक बदलण्याची मोकळीक, या दोन अटी त्यांनी मिळून लावल्या तर एकाने नकार दिला म्हणून दुसऱ्याकडे जाण्याची मालकांची पळवाट पुष्कळशी बंद होईल. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि सुरुवातीला दहा हजार तरुणांचा आकडा जाहीर झाला. विधिमंडळात या कराराविषयी आजवर विचारण्यासारखा प्रश्न ‘किती गेले’ एवढाच मानला गेला असेल, तर पुढच्या अधिवेशनात आणखी काही विचारले जावे : श्टुटगार्टमधल्या रुग्णालयाने लातूरच्या परिचारिकेला तिसऱ्या महिन्यात कामावरून काढले, तर दुसरे रुग्णालय शोधायला तिला किती दिवस मिळतील, तोपर्यंत तिचे भाडे कोण भरेल, आणि भाषेच्या वर्गासाठी काढलेले कर्ज कोणाच्या नावावर असेल?